पहिल्याच रेकॉर्डने जग जिंकलं, पण त्या रेकॉर्डचा सगळ्यात कडक श्रोता तो स्वतःच निघाला

१९५६ चा जानेवारी महिना. अमेरिकेतल्या दुकानांमध्ये कोलंबिया कंपनीची एक नवी रेकॉर्ड आली. कव्हरवर एकाच पोराचे ३० छोटे छोटे फोटो. कुठे तो पियानोवर पार वाकलाय, कुठे हवेत हात फिरवतोय, कुठे डोळे मिटून स्वतःशीच गातोय. पोराचं नाव ग्लेन गूल्ड. वय २३ वर्षं, गाव कॅनडामधलं टोरांटो.

रेकॉर्डवर होती योहान सेबास्टियन बाखची दोनशे वर्षांहून जुनी रचना, गोल्डबर्ग व्हेरिएशन्स. जाणकार लोक तिला मान द्यायचे, पण सामान्य श्रोत्याच्या दृष्टीने हा अवघड आणि कोरडा प्रकार होता. कंपनीतल्या लोकांनीही गूल्डला सुचवून बघितलं होतं की पहिलीच रेकॉर्ड आहे, जरा सोपं काहीतरी घे. गडी ऐकला नाही.

रेकॉर्ड बाजारात आली आणि ऐकणाऱ्यांचे सरळ दोन गट पडले.

एक गट म्हणत होता की बाख असा कधी ऐकलाच नव्हता. काय वेग, काय सफाई, प्रत्येक सूर मोत्यासारखा सुटा. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं की पोरगा फार पळतोय. बाखने सांगितलेल्या पुनरावृत्त्या गाळल्यात. वर मागे कोणीतरी गुणगुणतंय, ते वेगळंच.

ते गुणगुणणारा दुसरा तिसरा कोणी नव्हता, स्वतः गूल्डच होता.

आज ६५ हून जास्त वर्षं झाली, गूल्ड जाऊनही ४० वर्षं उलटली, तरी हा वाद मिटलेला नाही. गंमत म्हणजे या रेकॉर्डबद्दलचं सगळ्यात कडक मत कुठल्या समीक्षकाचं नव्हतं. ते खुद्द गूल्डचं होतं.

हा माणूस होता कसा आणि त्याच्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डने त्याच्या आयुष्याचं काय केलं, ते नीट बघू.

घरातच पहिली गुरू

ग्लेनचा जन्म २५ सप्टेंबर १९३२ चा. वडील बर्ट यांचा फरच्या कपड्यांचा व्यवसाय. आई फ्लोरेन्स संगीत शिकवायची. घरचं आडनाव मुळात गोल्ड होतं. तो काळ ज्यूंबद्दलच्या द्वेषाचा होता. हे कुटुंब ज्यू नव्हतं, पण आडनावावरून लोकांचा तसा समज व्हायचा. म्हणून ग्लेन लहान असतानाच घरच्यांनी गोल्डचं गूल्ड केलं.

पोराला एकुलतं एक असल्याचे सगळे फायदे मिळाले. आईने अगदी लहानपणी पियानोवर बसवलं आणि दहा वर्षांचा होईपर्यंत तीच शिकवत होती. वाजवताना सोबत गायचं, ही सवयही तिनेच लावली. शिकवण्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. जो सूर गळ्यातून येतो तो बोटातून नीट उतरतो, हे आपल्याकडचे गुरुजीही सांगतात. फक्त हीच सवय पुढे जगभरातल्या साउंड इंजिनियरांची डोकेदुखी होणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत असणार!

दहाव्या वर्षानंतर तो टोरांटोच्या कॉन्झर्व्हेटरीत अल्बेर्तो गेरेरो यांच्याकडे शिकायला लागला. गेरेरो मूळचे चिली देशाचे. त्यांच्याकडे बोटांचा एक खास व्यायाम होता. एका हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने त्या बोटांवर हलकी टिचकी मारायची. बोट दाबलं जातं आणि आपोआप वर येतं. हात, खांदा, पाठ यांचा जोर न लावता फक्त बोटाने वाजवायची सवय त्यातून लागते.

गूल्डचं वाजवणं इतकं सुटं आणि स्वच्छ का वाटतं, त्याचं एक कारण इथे आहे. जोर खांद्यातून यायचा नाही म्हणून तो पियानोसमोर अगदी खाली बसायचा. इतका खाली, की मनगटं जवळजवळ पट्ट्यांच्या पातळीला आणि नाक पट्ट्यांपासून थोडंसंच वर.

दुकानातलं पियानोचं स्टूल त्याला उंच पडायचं. मग १९५३ मध्ये वडिलांनी घरातल्या पत्ते खेळायच्या एका घडीच्या खुर्चीचे पाय कापले आणि खालीवर करता येतील असे स्क्रू बसवले. बसायची जागा जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटीमीटर. गूल्डने ही खुर्ची मरेपर्यंत सोडली नाही. गादी फाटली, आतलं भरण गेलं, शेवटी नुसता सांगाडा उरला, तरी साहेब त्याच्यावरच बसून वाजवायचे. रेकॉर्डिंगमध्ये खुर्चीची करकर ऐकू येते म्हणून तंत्रज्ञ वैतागायचे. पण खुर्ची बदलली नाही.

मायक्रोफोनशी दोस्ती

१९५० च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, १८ वर्षांच्या गूल्डने कॅनडाच्या सरकारी रेडिओवर पहिल्यांदा वाजवलं. स्टुडिओत समोर प्रेक्षक नाहीत, खोकणारं कोणी नाही, उशिरा येऊन खुर्च्या सरकवणारं कोणी नाही. फक्त तो, पियानो आणि मायक्रोफोन. आपलं खरं घर हेच, असं त्याला त्या दिवशी वाटलं आणि हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

१९५३ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने त्याची एक रेकॉर्ड काढली होती, पण ती फार लोकांपर्यंत गेली नाही. जगाच्या दृष्टीने त्याची सुरुवात झाली ती १९५५ मध्ये.

त्या वर्षी २ जानेवारीला त्याने वॉशिंग्टनमध्ये वाजवलं आणि ११ जानेवारीला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये. टाउन हॉलला गर्दी बेताचीच होती. कार्यक्रमही लोकांना खूश करणारा नव्हता. नवखा पियानोवादक म्हटलं की शोपां, लिस्ट असं काहीतरी झगमगीत वाजवायची पद्धत. याने काढलं गिबन्स, स्वेलिंक, बाख, वेबर्न आणि बर्ग.

पण त्या बेताच्या गर्दीत कोलंबिया कंपनीचे डेव्हिड ओपनहाइम बसले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गूल्डला कराराचं विचारलं.

जून महिन्यात मफलर

१९५५ चा जून. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर कोलंबियाचा स्टुडिओ होता. पूर्वी ते चर्च होतं, त्यामुळे छत उंच आणि आवाज घुमायचा मस्त. तिथे चार दिवस गोल्डबर्गचं रेकॉर्डिंग चाललं.

गूल्ड आला तो ऐन उन्हाळ्यात कोट, टोपी, मफलर आणि हातमोजे घालून. सोबत टॉवेलचा गठ्ठा, पिण्याच्या पाण्याच्या स्वतःच्या बाटल्या, गोळ्यांच्या बाटल्या आणि ती घडीची खुर्ची. वाजवण्याआधी वीस मिनिटं कोपरापर्यंत हात गरम पाण्यात बुडवून बसायचा. खोलीचं तापमान थोडं इकडेतिकडे झालं की काम थांबायचं.

कंपनीने हे सगळं बघितलं आणि लपवण्याऐवजी थेट पत्रक काढून पेपरवाल्यांना कळवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्ड येण्याआधीच पोरगा व्हायरल झाला. त्यामुळे लोकांची मतं नुसती कानाने बनली असं म्हणता येत नाही. हा विक्षिप्त पोरगा म्हणजे अफाट बुद्धीचा कलाकार, असं ठरवूनच काहींनी सुई रेकॉर्डवर ठेवली. काहींनी तेवढंच वाचून ठरवलं की ही सगळी नाटकं आहेत.

पण नाटकं बाजूला ठेवली तरी आत दम होता. तो कळायला ही रचना काय आहे ते माहीत पाहिजे.

गोल्डबर्ग म्हणजे नेमकं काय?

बाखने ही रचना १७४१ मध्ये छापली. त्या काळात आजच्यासारखा पियानो नव्हता. ही रचना होती हार्पसिकॉर्डसाठी, तेही पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी. नावामागे एक कथा सांगतात. एका सरदाराला रात्री झोप यायची नाही. त्याच्या पदरी गोल्डबर्ग नावाचा तरुण वादक होता आणि त्याने रात्री वाजवावं म्हणून बाखने हे लिहिलं. ही कथा बाख गेल्यावर अर्ध्या शतकाने छापली गेली आणि तेव्हा गोल्डबर्ग होता फक्त चौदा वर्षांचा, त्यामुळे अभ्यासक तिच्यावर फार विश्वास ठेवत नाहीत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

रचना अशी आहे. सुरुवातीला आरिया नावाची एक शांत चाल. मग तिच्यावर ३० व्हेरिएशन्स, म्हणजे ३० वेगवेगळी रूपं. शेवटी तीच आरिया परत. खुबी अशी की या ३० रूपांमध्ये वरची चाल टिकत नाही. टिकते ती खालच्या, खर्जातल्या सुरांची वाट. तबला सोलोमध्ये कसं, मागे हार्मोनियमवर लेहरा तोच फिरत राहतो आणि तबलजी त्याच्यावर कायदा, रेला, तुकडे असं काहीही मांडतो. साधारण तसंच.

त्यातलं दर तिसरं व्हेरिएशन हे कॅनन आहे, शेवटचं तेवढं वेगळं. भजनात बुवांनी म्हटलेली ओळ टाळकरी मागून उचलतात, हे आपण ऐकलेलं असतं. कॅननमध्येही मागचा पुढच्याची ओळ उचलतो, पण पुढचा थांबत नाही. तो आपला पुढे जातच राहतो. म्हणजे एकच ओळ दोन ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी चालू. आणि हे सगळं एका माणसाने दोन हातांनी वाजवायचं.

इथे गूल्डची बोटं कामाला आली. पियानोच्या पायाशी पेडल असतं, ते दाबलं की सूर एकमेकांत मिसळतात आणि आवाज गोड, भरीव होतो. गूल्डने ते फारच कमी वापरलं. त्यामुळे एका वेळी चालणाऱ्या दोन, तीन ओळी वेगवेगळ्या ऐकू येतात. ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्यालाही आत चाललेला संवाद पकडता येतो. गूल्डच्या आधी या रचनेसाठी वांडा लांडोव्स्का यांच्या हार्पसिकॉर्डवरच्या रेकॉर्डचा दबदबा होता. ते भारदस्त, ठायीठायी थांबत चाललेलं वादन होतं. गूल्डचं वादन म्हणजे मोकळ्या रस्त्यावर सोडलेली सायकल.

सगळ्या पुनरावृत्त्या घेतल्या तर ही रचना सव्वा तासाच्याही पुढे जाते. गूल्डने पुनरावृत्त्या सोडल्या आणि ३८ मिनिटांत काम संपवलं. सगळं एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर बसलं.

आता सुरुवातीचे ते दोन गट परत बघा. दोघांनाही ऐकू येत होतं ते एकच. वेग, कोरडा आवाज, सुटे सूर. एकाला त्यात बाखवरची धूळ झटकलेली दिसली, दुसऱ्याला त्यात बाखचं गांभीर्य गेलेलं दिसलं. आणि खरं सांगायचं तर दोघांकडेही मुद्दा होता.

बाजाराने मात्र कौल दिला. १९६० पर्यंत रेकॉर्डच्या सुमारे ४० हजार प्रती गेल्या. गूल्ड गेला तोपर्यंत हा आकडा लाखाच्या वर होता. शास्त्रीय पियानोच्या, त्यातही बाखच्या रेकॉर्डसाठी हा आकडा प्रचंड होता.

मॉस्कोत अर्धं सभागृह रिकामं

रेकॉर्डने दारं उघडली. १९५७ च्या मे महिन्यात गूल्ड सोव्हिएत रशियात गेला. शीतयुद्धाचा काळ, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जाऊन वाजवणारा तो उत्तर अमेरिकेतला पहिला पियानोवादक.

मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात पहिला कार्यक्रम. गूल्डचं नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या. मध्यंतर झालं आणि लोक धावले ते फोनकडे. ज्याला त्याला कळवलं की असाल तसे निघा. मध्यंतरानंतर सभागृह खचाखच भरलं. ना जाहिरात, ना पोस्टर. एका श्रोत्याने दुसऱ्याला सांगितलं, एवढंच.

तिथून बर्लिनला हर्बर्ट फॉन कारायानसोबत वादन, मग युरोप, अमेरिका. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की गडी सुखात आहे. आतून तो हैराण होता. विमानप्रवासाची भीती, हॉटेलमधली थंडी, दर वेळी नवा पियानो. आणि या सगळ्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे प्रेक्षक.

गूल्डला वाटायचं की सभागृहातला प्रेक्षक संगीत ऐकायला कमी आणि कसरत बघायला जास्त येतो. दोरीवरचा माणूस कधी पडतोय, याची वाट बघावी तसा. त्यामुळे वादकही मोठमोठ्याने, ठसक्यात वाजवायला लागतो आणि संगीत राहतं बाजूला. टाळ्यांवर बंदी घाला, असा लेखच त्याने १९६२ मध्ये लिहिला होता. त्यात थट्टा होती, पण सगळीच थट्टा नव्हती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये जे झालं, त्याची चर्चा अजून होते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्तो होता. गूल्डला तो नेहमीपेक्षा संथ वाजवायचा होता. वाद्यवृंदाचे संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांना ते पटलं नव्हतं. त्यांनी कार्यक्रम सुरू होण्याआधी प्रेक्षकांसमोर येऊन हे सांगून टाकलं. आपण सहमत नाही, पण गूल्डसारखा कलाकार काही वेगळं मांडत असेल तर ते ऐकायला हवं, असा त्यांचा एकूण सूर होता. पेपरात समीक्षकाने मात्र गूल्डची सालटी काढली. संथ वाजवण्याचं कारण बोटं कमी पडतात हे असावं, अशी कुजकट शंकासुद्धा घेतली.

ज्याला सहा वर्षांपूर्वी फार पळतो म्हणत होते, त्याला आता फार हळू म्हणायला लागले!

१० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये गूल्डने एक कार्यक्रम केला. तो शेवटचा ठरला. वय ३१. सगळ्या कारकिर्दीत मिळून २०० च्या आतच कार्यक्रम. त्यानंतर १८ वर्षं जगला, पण लोकांसमोर बसून पुन्हा वाजवलं नाही.

श्रोता म्हणजे ग्राहक नाही, भागीदार

लोकांना वाटलं की याला माणसांचा कंटाळा आलाय. एकटा राहायचा, दिवसा झोपायचा, रात्री जागायचा, मित्रांना रात्री-अपरात्री फोन करून तासन् तास बोलायचा, हे खरं आहे. पण स्टेज सोडण्यामागे त्याचा एक विचार होता आणि तो श्रोत्याच्या बाजूचा होता.

१९६६ मध्ये त्याने रेकॉर्डिंगच्या भविष्यावर एक मोठा लेख लिहिला. त्याचा मुद्दा साधारण असा. सभागृहात श्रोत्याच्या हातात काहीच नसतं. घरी रेकॉर्ड लावणाऱ्याच्या हातात निदान आवाज कमीजास्त करायचं बटण असतं. उद्या हे अधिकार वाढतील. एकाच रचनेची वेगवेगळ्या कलाकारांनी केलेली रेकॉर्डिंग्ज घ्या, एकाचा हा भाग, दुसऱ्याचा तो भाग जोडा आणि तुम्हाला आवडेल तशी तुमची स्वतःची आवृत्ती बनवा. हे तो कधी म्हणतोय, तर कॅसेटसुद्धा घराघरात पोचली नव्हती तेव्हा. आज आपण प्लेलिस्ट बनवतो, रिमिक्स करतो, गाण्याचे तुकडे कापून रील बनवतो. गूल्डला हे बघून धक्का बसला नसता.

तो स्वतः हेच करायचा. बाखच्या एका फ्यूगची त्याने बरीच टेक घेतली. त्यातली दोन चांगली आली. एक गंभीर, एक खेळकर. पण पूर्ण ऐकल्यावर दोन्ही एकसुरी वाटायला लागली. मग त्याने टेप कापून गंभीर टेकची सुरुवात आणि शेवट घेतला, मधे खेळकर टेक जोडली आणि झाली रेकॉर्ड तयार.

ही फसवणूक आहे, असं म्हणणारे खूप होते. जोडलेलं संगीत जाणकार कानाला कळतंच, असाही दावा होता. गूल्डने सरळ परीक्षाच घेतली. १८ लोक घेतले. काही व्यावसायिक संगीतकार, काही आवाजाच्या तांत्रिक क्षेत्रातले आणि काही साधे श्रोते. त्यांना रेकॉर्डिंग्ज ऐकवली आणि जोड कुठे आहेत ते ओळखा म्हटलं. १९७५ मध्ये त्याने निकाल छापला. जोड नेमके ओळखणं कोणालाच धड जमलं नव्हतं. आणि व्यावसायिक संगीतकार यात साध्या श्रोत्यांपेक्षा सरस ठरले नव्हते.

म्हणजे पदवी, अभ्यास, मोठं नाव यामुळे कान आपोआप खरा होत नाही. सामान्य श्रोत्याच्या मतालाही वजन आहे, हे गूल्डने आकड्यांनी दाखवलं.

आपल्या केसरबाई आणि गूल्ड, एकाच तबकडीवर

इथे एक आपल्या जवळची गोष्ट. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात पाठवली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक रेकॉर्ड आहे, पृथ्वीवरचं संगीत सोबत असावं म्हणून. त्यात गूल्डने वाजवलेला बाख आहे. आणि त्याच रेकॉर्डवर गोव्यातल्या केरी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीसुद्धा आहे.

योगायोग बघा. केसरबाई रेकॉर्डिंग आणि रेडिओ यांच्याकडे कायम संशयाने बघायच्या. आपलं गाणं समोर बसून ऐकण्याची गोष्ट आहे, यावर त्या ठाम. गूल्ड बरोबर उलट्या टोकाला. समोर बसून ऐकण्यातच खोट आहे, यावर तो ठाम. दोघांनी आपला हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही, आणि दोघांचा आवाज एकाच तबकडीवर आंतरतारकीय अवकाशात पोचलाय.

२६ वर्षांनी पुन्हा तीच खुर्ची

एकदा रेकॉर्ड केलेली रचना गूल्ड सहसा पुन्हा रेकॉर्ड करायचा नाही. सांगायला नवीन काही असेल तरच, असा त्याचा नियम. पण १९८१ च्या वसंतात तो परत न्यूयॉर्कच्या त्याच ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत आला. स्टुडिओ बंद व्हायच्या बेतात होता. खुर्ची तीच, बापाने बनवलेली, आता नुसता सांगाडा. पियानो नवा, यामाहा. तंत्रही नवं, डिजिटल. आणि रचना? गोल्डबर्ग व्हेरिएशन्स.

ब्रुनो मोंसेंजों या दिग्दर्शकाने हे सगळं चित्रित केलंय. त्यात कव्हरवरच्या फोटोंमधला देखणा पोरगा दिसत नाही. केस विरळ झालेला, जाड चष्म्याचा, अकाली म्हातारा वाटणारा ४८ वर्षांचा माणूस दिसतो. गुणगुणणं मात्र तसंच.

पहिल्या रेकॉर्डमध्ये सुरुवातीची आरिया दोन मिनिटांच्या आत संपते. दुसऱ्यात तिला तीन मिनिटांहून जास्त लागतात. पूर्ण रचना ३८ ऐवजी ५१ मिनिटं. काही ठिकाणी पुनरावृत्त्या परत आल्या. सगळ्यात मोठा बदल म्हणजे ३० तुकडे एका नाडीत बांधले. एका व्हेरिएशनची लय पुढच्याच्या लयीशी हिशोबाने जोडलेली.

नवी रेकॉर्ड यायच्या आधी, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, एका मुलाखतीत त्याने जुन्या रेकॉर्डवर मत दिलं. बोटं चालली आहेत हे त्याला मान्य होतं. पण ती वाजवणारा माणूस आपला वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने पळतोय, पूर्ण रचनेला एक धागा नाही. जे २५ वं व्हेरिएशन ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेच त्याला आता अति भावुक आणि दिखाऊ वाटत होतं.

ज्या रेकॉर्डने त्याला ग्लेन गूल्ड बनवलं, तीच त्याने नापास केली.

नवी रेकॉर्ड १९८२ च्या सप्टेंबरमध्ये आली. २५ तारखेला गूल्डने पन्नाशी गाठली. २७ तारखेला पक्षाघाताचा झटका आला. रक्तदाबाचा त्रास होताच, गोळ्यांचं प्रमाणही वर्षानुवर्षं भरमसाट होतं. ४ ऑक्टोबर १९८२ ला टोरांटोच्या रुग्णालयात तो गेला. मालमत्तेचे दोन भाग केले होते. एक प्राण्यांसाठी काम करणाऱ्या टोरांटो ह्युमेन सोसायटीला, दुसरा साल्व्हेशन आर्मीला. थडग्याच्या दगडावर त्या आरियाचे सुरुवातीचे सूर कोरले आहेत.

नव्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळाले, ते घ्यायला तो नव्हता.

मग खरी कोणती?

गूल्ड गेल्यावर वाद संपायला हवा होता. कलाकाराने स्वतःच सांगितलं की पहिली कच्ची, दुसरी पक्की. पण श्रोत्यांनी ऐकलं नाही. आजही कितीतरी जण ठामपणे सांगतात की आम्हाला १९५५ चीच हवी. त्या वेगात एक बेफिकिरी आहे, जगाला पहिल्यांदाच काहीतरी दाखवायची घाई आहे, आणि ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा आणता येत नाही. दुसरे म्हणतात १९८१ ची, कारण तिच्यात माणूस थांबून विचार करतोय. तिसरे मूड बघून ठरवतात.

आणि हे गूल्डच्या विरोधात नाही. श्रोत्याला निवडीचा हक्क आहे, हे तोच आयुष्यभर सांगत होता. त्या हक्कात कलाकाराचं स्वतःच्या कामाबद्दलचं मत नाकारायचाही हक्क आला. रेकॉर्ड बाहेर पडली की ती वाजवणाऱ्याची जेवढी, तेवढीच ऐकणाऱ्याची. गूल्डला त्याची पहिली रेकॉर्ड परत घेता आली नाही, याचं कारण इतकंच की ती कधीच लाखो लोकांची झाली होती.

२०१७ मध्ये सोनी कंपनीने १९५५ च्या त्या जूनमधलं सगळंच रेकॉर्डिंग बाहेर काढलं. टाकून दिलेल्या टेक, चुका, मधल्या गप्पा, सगळं. शेवटच्या रेकॉर्डमध्ये सहज वाटणारी आरिया मिळवण्यासाठी त्या पोराने ती किती वेळा पुन्हा पुन्हा वाजवली, ते त्यात ऐकायला मिळतं. श्रोत्याने हवे ते तुकडे घ्यावेत आणि आपली आवृत्ती बनवावी, हे गूल्डचं स्वप्न त्याच्याच पहिल्या रेकॉर्डच्या बाबतीत असं खरं झालं.

ऐकायचं असेल तर सोपा मार्ग आहे. दोन्ही रेकॉर्ड आज मोबाईलवर मिळतात. आधी १९५५ ची आरिया ऐका, मग १९८१ ची. हेडफोन लावा म्हणजे गुणगुणणंही ऐकू येईल. दोन्ही मिळून पाच मिनिटं लागतात. सूर तेच, माणूस तोच, मधे २६ वर्षं. त्यानंतर कोणती बरी ते तुम्हीच ठरवा. जाणकारांना विचारायची गरज नाही, आणि गूल्डला तर नाहीच नाही.